ठणठणीत घसा

नाटक मंडळीत त्याला सगळे 'बदली' म्हणत. नाटक म्हणजे एका जुन्या बँडची गाजलेली गाणी आणि ती एकमेकांना चिकटवायला लावलेली गोष्ट. चार भाऊ गरिबीतून वर येतात, नाव कमावतात, भांडतात, परत एकत्र येतात. गोष्टीत काही राम नव्हता, पण गाण्यांवर लोकांचा जीव होता. कुठलंही पात्र नुसतं 'खिडकी' म्हणालं की प्रेक्षक सावरून बसत, कारण आता खिडकीचं गाणं येणार हे सगळ्यांना ठाऊक असे.

चारही भावांच्या भूमिका बदलीला तोंडपाठ होत्या. कुणी आजारी पडलं तर त्याच्या जागी उभं राहायचं, नाहीतर रंगमंचामागे इस्त्रीच्या वाफेने कोंदलेल्या खोलीत बसून राहायचं, हे त्याचं काम. धाकटे तिघे भाऊ अधूनमधून आजारी पडतही. कुणाचा पाय मुरगळे, कुणाचं पोट बिघडे. पण थोरल्या भावाचं काम करणारा हिरो म्हणजे दगड होता. पावसात भिजला तरी साधी शिंक नाही. आणि खिडकीचं गाणं नेमकं थोरल्याच्याच वाट्याचं.

बदलीचा जीव त्याच गाण्यात अडकला होता. त्याच्या लहानपणी आई लोकांचे कपडे शिवायची आणि ते गाणं गुणगुणायची. दुसऱ्या कडव्याशी आली की मशीन थांबवून सुईत दोरा ओवायची, त्यामुळे ते कडवं कायम अगदी हलक्या आवाजात, जवळजवळ श्वासातच यायचं. गाणं म्हणजे काय ते त्याला त्या दोरा ओवण्यात कळलं. पुढे वडील त्याला टायरच्या दुकानात बसवायला निघाले, तेव्हा आईच आडवी आली. त्या बाईला एकदा, फक्त एकदा, रंगमंचावरून ते गाणं ऐकवायचं एवढंच त्याला हवं होतं. ती सगळ्या नातेवाइकांना सांगून बसली होती, मुलगा नाटकात गातो म्हणून. कोणतं गाणं गातो, असं कुणी विचारलं की ती चहा टाकायला उठायची.

"तुमच्या त्या हिरोला एकदा आईस्क्रीम तरी खाऊ घाल," बायको म्हणायची. बदली हसायचा. मनातल्या मनात त्याने ही गोष्ट करून पाहायची तयारीही केली होती, हे मात्र तिला सांगितलं नव्हतं.

आणि एका रविवारी सकाळी हिरोचा घसा बसला. फोनवर त्याच्या तोंडून नुसती हवा येत होती. बदलीने आधी आईला कळवलं, मग पाणी गरम करून, त्यात मध घालून थर्मास भरला. घसा जपायला दिवसभर तो घरात खुणांनी बोलला. बायको वैतागली, पण तिने सासूला बसने आणून पुढच्या रांगेत वेळेवर बसवलं.

पहिला अंक बरा गेला. मग खिडकी आली. वाद्यं सुरू झाली आणि पहिल्याच ओळीला अख्खं नाट्यगृह गाऊ लागलं. हे रोजचंच होतं, हिरो तर अशा वेळी माईकच लोकांपुढे धरायचा. बदलीने मात्र ठरवलं होतं, दुसरं कडवं आईसारखं म्हणायचं. आपण आवाज उतरवला की लोक गप्प होतील, कान देतील, असा त्याचा हिशोब. त्याने आवाज उतरवला. लोकांना वाटलं, गडी आपल्याला गायला सांगतोय. ते दुप्पट जोराने गायला लागले.

त्याने आवाज चढवून पाहिला, काही उपयोग झाला नाही. त्याला संताप आला. इतकी वर्षं ज्या घासासाठी तोंड उघडून बसलो, तो या लोकांनी हातातोंडाशी आल्यावर पळवला, असं त्याला वाटलं. निदान आई तरी ऐकत असेल म्हणून त्याने पुढच्या रांगेत पाहिलं. आई मान मागे टाकून, डोळे गच्च मिटून गात होती. घरात कधी गायली नव्हती अशी, गळ्याच्या शिरा फुगवून. शेजारी बायको टाळ्या वाजवत होती. बदली गायचा थांबला आणि नुसते ओठ हलवत राहिला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

प्रयोग संपल्यावर तो तोंडाचा रंग न पुसताच मागच्या दाराशी आला. आई तिथे उभी होती. चेहरा असा फुललेला त्याने तिचा कधी पाहिला नव्हता, आणि त्यामुळेच त्याला जास्त चीड आली. कुणावर रागवावं तेच कळेना.

"मशीनमुळे कधी मोकळं गाताच आलं नाही रे," ती म्हणाली. आवाज चिरका, फाटलेला. "आज गायले बघ. पार घसा बसला."

"माझं गाणं कसं झालं?"

आई क्षणभर गोंधळली. "छानच झालं असणार," ती म्हणाली. मग तिचं तिलाच काहीतरी कळलं आणि तिने त्याचा हात धरला. "परत कधी आहे तुझं?"

हिरोने दुपारीच निरोप पाठवला होता, उद्यापासून येतोय. बदलीने काखेतला थर्मास उघडला. पाणी अजून गरम होतं. झाकणात ओतून त्याने ते आईपुढे धरलं.

"घे, पी," तो म्हणाला. "माझा घसा ठणठणीत आहे."