जनताकाकूचं चार ते पाच

जनताकाकूला दुपारी चार ते पाच कोणी हाक मारायची न्हाई. घराला आग लागली तरी न्हाई. त्या एका तासात ती अंगणातल्या बाजेवर उताणी पडायची, तोंडावर शेडनेटच्या हिरव्या कापडाचा तुकडा टाकायची, अन् मंग ती पिंपळगाव रेणुकाईत नसायचीच. एकदा तिच्या चुलत दिराचा माणूस निरोप घेऊन आल्ता, म्हातारी गेली म्हणून. काकूनं कापडाखालूनच सांगितलं, "पाच वाजता रडते. तवर बसा, पाणी प्या." तो बिचारा बसला. पाचाला काकू उठली, तोंड धुतलं अन् असा हंबरडा फोडला की शेजारची गाय दावं तोडून पळाली. अख्ख्या मयतीत तिच्याइतकं कोणी रडलं न्हाई.

तिच्या दिवसाचे तीन वाटे होते. सकाळी पोटाचं, म्हणजे शेडनेटमधी बियाण्याच्या मिरचीच्या क्रॉसिंगला जायचं, चिमट्यानं कळ्या उघडायच्या, एका झाडाचा पराग दुसऱ्याला लावायचा. दुपारी एक ते चार लोकाचं. अन् चार ते पाच आपलं. लोकाचं म्हणजे कोणाचंबी. बाळंतीण असो, मयत असो, पंगत असो, कोणाच्या म्हातारीचे केस विंचरायचे असो. म्हणून तर गाव तिला जनताकाकू म्हणायचं. खरं नाव मला अजून माहीत न्हाई, विचारायचं भ्या वाटायचं.

एकदा ती भोकरदनला लग्नात वाढायला गेल्ती. तीन पंगती वाढल्या, बुंदी वाढली, नवरीच्या आजीला आग्रह करकरून भात घातला, अन् चौथ्या पंगतीला तिला कळलं की हे लग्नच दुसऱ्याचं हाय, आपलं लग्न पलीकडच्या मंगल कार्यालयात. लोक म्हणले, काकू, जल्दी चला, तिकडं वाट पाहून राह्यलेत. ती म्हणली, "हातात घेतलं ते पुरं करते. तिकडचे आपले हायेत, ते उपाशी राह्यले तरी रागावणार न्हाईत." ते दोन वर्ष रागावले. अन् ज्यांच्यात चुकून वाढलं त्यांनी पुढच्या लग्नाला तिला पत्रिका पाठवली.

माझ्याकडं ती अशीच आली, न बोलावता. मी माहेरून दोन महिन्यांची चिमी घेऊन आल्ते अन् मला लेकराला न्हाऊ घालायचं भ्या वाटायचं, लई भ्या वाटायचं. तेलकट लेकरू हातातून सटकलं तर, मान मुरगळली तर, नाकात पाणी गेलं तर. आत्याबाईचे, म्हणजे माझ्या सासूबाईचे हात संधिवातानं वाकडे झाल्ते, त्यांच्यानं होत न्हाई. माझे मालक जालन्याला बियाण्याच्या गोदामात कामाला, रविवारी येणार, अन् रविवारी आले की झोपणार. चिमी दोन दिवस बिनआंघोळीची होती. तिसऱ्या दिवशी बराबर एक वाजता काकू दारात. "पाणी ऊन कर. पाट कुठंय?" बस, एवढंच. पाटावर बसली, लुगडं गुडघ्यावर घेतलं, पाय लांब केले, चिमीला नडग्यांवर पालथी टाकली अन् तेल चोळायला लागली.

आत्याबाईला ते पटंना. "फुकटचं कोण करतं ह्या काळात? कायतरी असंल तिच्या मनात." मला झालं भ्या. मंग मी पेटीतला नवा खण काढला अन् काकूच्या हातात ठेवला. काकूनं घेतला, कपाळाला लावला, गेली. दुसऱ्या दिवशी एक वाजला, दीड वाजला, काकू न्हाई. पाणी गार झालं. दोन वाजता डुलत डुलत आली. मी म्हणलं, "काकू, बरं न्हाई का?" ती म्हणली, "बरं हाय की. पण काल तू खण दिला न, आता मी पगारी झाले. पगारी माणसं उशिराच येतात." तिसऱ्या दिवशी तर अडीच वाजवले, वर कपभर च्या बी मागितला. शेवटी मी हात जोडले, "काकू, खण द्या माघारी." तिनं कमरेला खोचलेला तो खण काढून दिला, अन् दुसऱ्या दिवशी एकाच्या ठोक्याला हजर. "फुकटचं काम टाइमावरच करावं लागतं, पोरी," ती म्हणली. "पैशाच्या कामात उशीर झाला तर माणूस बोलतं तरी. फुकटच्यात ते बिचारं बोलू बी शकत न्हाई."

मालक एका रविवारी म्हणले, "काकू, तुमाला कामं कमी हायेत काय? जरा आराम करा." काकूनं त्यांच्याकडं वरखाली पाहिलं. "मी रोज एक घंटा आराम करते, पण करते तवा कोणाच्या बापाला भीत न्हाई. तू रविवारभर लोळतो अन् दर घडीला घड्याळ पाहतो. त्याला आराम म्हणत न्हाईत." मालक उठून बसले. त्या दिवशी त्यांनी दळण आणलं.

मंग ते बाजेचं झालं. चिमी सकाळपासून रडत होती, थांबायचं नाव न्हाई, आत्याबाई बाजाराला गेल्त्या, अन् मला वाटलं हिला कायतरी झालं, झालंच. सव्वाचार वाजले होते. मी अनवाणी पळत काकूच्या अंगणात. "काकू! ओ काकू!" हिरवं कापड हाललं बी न्हाई. "काकू, लेकरू रडून राह्यलं हो!" न्हाईच. मला काय सुचलं काय माहीत, मी चिमीला उचललं अन् काकूच्या पोटावर ठेवून दिलं. चिमी गप. बिलकुल गप. काकूच्या पोटासंगं वर जायची, खाली यायची, अन् झोपली. पाऊण घंटा मी बाजेचा खूर धरून खाली बसले. काकूनं बोट हालवलं न्हाई. मधी चिमीनं मुतलं, तरी न्हाई.

पाचाला काकूनं तोंडावरचं कापड काढलं. "कोणाचं हाय हे?"

"माझं."

"हे आरामात धरायचं का लोकाच्या सेवेत?"

"काय की, काकू."

"पडून होते म्हणजे आराम. पण ओली झाले म्हणजे सेवा." तिचा लई घोटाळा झाला. दुसऱ्या दिवशी ती सव्वापाचापर्यंत पडली. कालचा पाव घंटा भिजला म्हणली.

अशी चिमी चार महिन्यांची झाली. अन् एक दिवस न्हाऊ घालून झाल्यावर काकू पाटावर बसल्या बसल्या म्हणली, "मी परवा बदनापूरला चालले. लेकीचं दुसरं बाळंतपण हाय, तिच्या घरात बाईमाणूस न्हाई. कवा येईन, सांगता येत न्हाई." मंग म्हणली, "पण मला एक कळंना. आपल्या लेकीचं करायचं ते कशात धरावं? पोटाचं न्हाई, लोकाचं न्हाई, अन् आराम तर बिलकुलच न्हाई." एवढी हुशार बाई, पण तिथं अडकली.

मला रडू फुटलं. "काकू, चिमीला कोण न्हाऊ घालील?"

"तू."

"मला भ्या वाटतं हो."

"मला काय वाटत न्हाई? दुसऱ्याचं लेकरू अन् माझे तेलाचे हात. म्हणून तर मी न्हाऊ घालताना कोणासंगं बोलत न्हाई." ती टॉवेलात चिमीला गुंडाळत होती. मी तिच्या हाताकडं पाहिलं. चिमीच्या मानेखालून तो तिनं शेवटपर्यंत काढला न्हाई.

काकू गेली. बदनापूरला ती लेकीकडंच राह्यली, माघारी आली न्हाई. लोक सांगतात, आता तिथं टेशनावर एक ते चार उभी असती अन् ज्याला जालन्याला जायचं न्हाई त्याला बी गाडीत बसवती.

ती गेल्यावर दोन दिवस मी चिमीला नुसतं ओल्या फडक्यानं पुसलं अन् आत्याबाईला सांगितलं, घातलं न्हाऊ. तिसऱ्या दिवशी एक वाजता दार वाजलं. एक पोरगी, माझ्याहून बी लहान, खालच्या गल्लीतली, नवीनच आल्ती. पदराखाली महिन्याचं लेकरू, हातात तेलाची वाटी.

"काकूनं जाताना सांगितलंय, एक वाजता तुमच्याकडं आणायचं. म्हणल्या, लोकाचं आता तुमी करता."

मला विचारलं पण न्हाई काकूनं! मी न्हाई म्हणायला तोंड उघडलं, पण मला न्हाई म्हणायचं बी भ्या वाटतं. अन् त्या पोरीनं वाटी अशी धरली होती की तेल सांडून राह्यलं होतं. आत्याबाई मागून म्हणल्या, "पाणी ऊन हाय."

मी पाट टाकला. पदर खोचला. पाय लांब केले. म्हणलं, आधी आपलं लेकरू, सटकलं तर आपलं सटकंल. चिमीला नडग्यांवर घेतलं. तेल, बेसन, पाणी, मान, परत पाणी. चिमी रडली. ते पाहून ती पोरगी रडली. मी न्हाई रडले, मला टाइमच भेटला न्हाई.

चिमीला आत्याबाईच्या मांडीवर दिलं अन् ओले हात पुढं केले.

"आण," म्हणलं, "तुझं आण."