तिसरी ज्योत

दुपारचे दोन वाजलेत आणि प्रतिमा खिडकीखाली फरशीवर आडवी झालीय. उठायचं त्राण नाही. काचा बसवण्याचं दुकान तिचं, आणि स्वतःच्याच घरात तिनं दुहेरी काच बसवली: दोन काचांमध्ये हवाबंद पोकळी, पोकळीच्या आत एका काचेला ऊन परतवणारा लेप. तीन आठवडे झाले, खोली तशीच तापते. दमेकरी आई पलंगावर पडलीय, एसी घरघरतोय. सकाळीच आई म्हणाली, "दुसरा एसी सांगून टाक, बाई. तुझ्या काचेनं काही होत नाही."

आईचं बोलणं लागलं नाही. लागला तो बाबांना दिलेला शब्द. तीस वर्षं वीजकेंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर घालवून ते खोकत खोकत गेले, आणि शेवटच्या दिवसांत ती त्यांना म्हणाली होती, या घरातला एसी मी बंद करून दाखवीन.

डोळा लागतो न लागतो तोच फरशी थरथरू लागते. फरशी कुठली, पट्टाच तो. कोळसा वाहतोय आणि कडेला बाबा फावडं घेऊन उभे आहेत.

"बाबा, तुम्ही इथं?"

"पाळी लागली."

"अजून?"

"तुमी तिकडं बटन दाबलं का मले इकडं हाक येते. दुपारी त लई." ते फावड्यावर रेलतात. "थकलो व पोरी."

तिला रडूच येतं. "मी काच बसवली, बाबा. सगळं नीट केलं."

"काडी लावून पाह्यली?"

पट्टा थांबलाय. आता वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या त्यांच्या जुन्या क्वार्टरची खिडकी आहे, काच मात्र तिचीच. बाबा काडी पेटवून काचेशी धरतात. दोन काचांच्या चार बाजू, म्हणून आत एकामागे एक चार ज्योती. तीन पिवळ्या, लेपावरची एक तांबूस.

"आपल्याकडून मोज."

"एक... दुसरी तांबूस."

"कितवी पायजे?"

तिसरी. लेप बाहेरच्या काचेवर हवा, तरच ऊन बाहेरच्या बाहेर परततं. निवृत्त होऊन दुकानात बसायला लागलेल्या बाबांना ही खूण तिनंच शिकवली होती.

"बाहेरच्या बाजूची चिठ्ठी पाहूनच बसवली मी."

"चिठ्ठी तुह्या मायनं डकवली. पौर्णिमेचं घर धुतलं, तवा बसवायच्या म्हणून भिंतीशी ठेवलेल्या काचाही घासल्या. चिठ्ठ्या निघाल्या, त अंदाजानं लावल्या परत." बाबा हसतात, खोकतात. "तिले बोलू नको."

मग ते काचेवर अंगठा टेकवतात. "हे उलटव. मी बसतो घटकाभर."

ती जागी होते. एसी घरघरतोय. बुद्धमूर्तीपाशी मेणबत्तीजवळची काडेपेटी घेऊन ती काडी पेटवते, मोजते. दुसरी.

सगळ्या चौकटी काढायच्या, तेही या उन्हात. अंग नको म्हणतं. तेवढ्यात काचेवर एक काळा ठसा दिसतो. ती पदरानं पुसते, जात नाही. बाहेर जाऊन पुसते, तरी जात नाही. ठसा दोन काचांच्या मध्ये आहे, जिथं कुणाचा हात पोचत नाही.

"काय करतेस व उन्हात?" आतून आई विचारते.

"काच उलटी बसली माझ्याकडून," प्रतिमा म्हणते, आणि चाकू घेऊन चौकटीच्या कडेचं सिलिकॉन कापायला लागते.