पत्रिकेच्या तळाची ओळ

माझा धंदा डीटीपीचा. स्क्रीनवर काहीही उलटसुलट दिसलं तरी त्यामागे फॉन्ट नाहीतर फाइलचा घोळ असतो, हे मी रोज बघते. त्यामुळे संकेत, चाहूल वगैरे गोष्टी कोणी सांगितल्या की मी सरळ हसायचे. हे लिहितानाही तशी लाजच वाटतेय...

घाटंजीला बसस्टँडमागच्या गल्लीत माझं छोटं दुकान आहे. कापसाची ती वाईट वर्षं, लग्नपत्रिका साध्या, एकरंगी निघायच्या. त्यातच मी नवं सॉफ्टवेअर टाकलं. जुन्याचे फॉन्ट वेगळे, कीबोर्ड वेगळा. जुनी फाइल नव्यात उघडली की मराठीचा पार कचरा व्हायचा – नुसती चिन्हं. डिझाइन तेवढं शाबूत राहायचं, मजकूर पुन्हा टाइप करायचा.

एका दुपारी जवळच्या गावचे देविदासकाका आले. धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

"मीनाची पत्रिका तूनंच बनवलती ना, पोरी? तशीच काढ. फकत नावं बदल."

मीना त्यांची थोरली. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण मूल नव्हतं.

काका गेल्यावर मी मीनाच्या पत्रिकेची फाइल उघडली. सगळा कचरा. पण अगदी तळाशी एक ओळ स्वच्छ मराठीत – 'माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं! – उत्पला.'

दुसऱ्या कुठल्या पत्रिकेचा तुकडा चिकटला असेल, असं वाटलं. सगळं सिलेक्ट केलं, डिलीट केलं, नवा मजकूर टाकून सेव्ह केलं.

प्रूफ बघायला मीना स्वतः आली. मी गंमत म्हणून तिला त्या ओळीचं सांगितलं. नाव ऐकताच ती स्टुलावर बसलीच.

"हे नाव तुमाले कोनं सांगतलं?"

"कोणीच नाही. फाइलमध्ये होतं."

"मले दिवस गेले, ताई..." ती हळूच म्हणाली. "घरी अजून कोनालेच सांगतलं नाई. पोरगी झाली तं उत्पला ठेवू, असं आमी दोघंच बोललो होतो. दाखवा ना मले ते."

मी बॅकअपची सीडी लावली, तीच फाइल पुन्हा उघडली. वरपासून खालपर्यंत नुसती चिन्हं. ओळ नव्हती.

"काहून मिटवलं वो?" एवढंच म्हणाली ती.

पत्रिका न्यायला काका एकटेच आले. मीना दवाखान्यात होती. मूल राहिलं नाही.

सॉफ्टवेअर बसवून देणारा यवतमाळचा माणूस म्हणाला, जुन्या फाइलींत असे तुकडे राहून जातात. राहत असतील. पण उत्पला हे नाव मी त्याआधी कधी टाइपच केलं नव्हतं. एक बटण दाबल्यानं कोणाच्या पोटातलं मूल जात नाही, हेही मला कळतं. कळून काही उपयोग होत नाही.

लग्नात मी माफी मागायला गेले, तर मीनानंच माझा हात धरला.

"तुमचा काय दोष, ताई? तुमी तं तिचं नाव वाचलं तरी. मले तेवढंही नाई भेटलं."

तिनं चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती ओळ कुठून आली, हे मला आजही माहीत नाही. गेली मात्र माझ्या हातानं.