बारा चौकोनांत मावणारी अक्षरं

जिन्यात बातमी होती की मावशीच्या डोक्यावर परिणाम झालाय. खालच्या काकू नाकातून सांगायच्या, "दिवसभर खिडकीत बसून चौकोन रंगवते गं, बिचारी." त्या ‘बिचारी’ला असा हेल, की ऐकणाऱ्यानं लगेच डबा घेऊन भेटायला निघावं.

चौकोन रंगवायची हे खरं. बाकी सगळं काकूंच्या पदरचं. बावीस वर्षं मावशीनं स्वेटरच्या कारखान्यात आलेखाच्या कागदावर नक्षी काढली. एक चौकोन म्हणजे एक टाका. कारखाना बंद पडला, आणि मोबाइलवरचे गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीनं तिला बोलावलं. त्यांना जुन्या व्हिडिओ गेमसारखी ठोकळ्याठोकळ्यांची मराठी अक्षरं हवी होती, बारा चौकोन उंचीची. अट एकच: इवल्याशा पडद्यावर ती न अडखळता वाचता आली पाहिजेत. नाहीतर गेममधून मराठी बाद, आणि मावशीचं कामही.

पहिली अक्षरं पडद्यावर चढली ती उपाशी उंटासारखी, उंच नि हडकुळी. कंपनीच्या साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "ताई, ही आजारी आहेत का?"

मावशीचं तोंड एवढंसं झालं. चूक सापडली ती चार दिवसांनी, अंगातला स्वेटर काढताना. टाका रुंद आणि बुटका असतो. विणल्यावर नक्षी दबते, म्हणून कागदावर ती मुद्दाम उंच काढायची. हाताची जुनी खोड. पडद्यावरचा चौकोन चारी बाजूंनी सारखा. तो कशाला दबतोय? तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि ‘अ’पासून परत सुरुवात केली.

परीक्षेला साहेबांनी स्वतःच्या आईला बसवलं. आजींनी जन्मात गेम पाहिलेला नव्हता. मावशी पर्सचा बंद पिळत उभी. आजी बातम्या दिल्यासारख्या वाचत सुटल्या: "राक्षस झोपला आहे. त्याच्या उशाखालची किल्ली काढा." कुठे म्हणून थांबल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "अक्षर छान आहे हो. पण त्या बिचाऱ्याला झोपू द्या की."

हुश्श करून मावशी मिळेल त्या खुर्चीत बसली, ती साहेबांचीच निघाली.

आजी ‘राक्षस’मधल्या ‘क्ष’पाशी नक्की अडखळणार, अशी पैज मी मावशीशी लावली होती. महिनाभर भांडी माझ्याकडे आहेत.