पिठातली अक्षरं

"चल रे, उजेड जातोय."

सकाळचे दहा वाजलेले असोत की टळटळीत दुपार, बाई माझ्या दुकानाच्या पायरीवरूनच हे ओरडायच्या. आत यायच्या नाहीत. आत आलं की बसावं लागतं, आणि बसणं बाईंच्या अंगाला कधी लागलंच नाही. शहापुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. आत नवरा-नवरी नटूनथटून उभी, दिवे लावलेले, आणि पायरीवर बाईंची या पायावरून त्या पायावर चुळबुळ चाललेली. शेवटी नवरदेवच कंटाळून म्हणायचा, जा तुमी, आमी नंतर येतो. अशी माझी किती गिऱ्हाइकं बाईंनी पळवली, विचारू नका.

किन्हवलीच्या शाळेत त्या इतिहास शिकवायच्या. मी त्यांचाच विद्यार्थी, त्यातून इतिहासात नापास होणारा, म्हणजे अगदी हक्काचा. मला नावाने कधी हाक मारली नाही. 'फोटोवाल्या' म्हणायच्या. शिकवता शिकवता त्या तालुक्याच्या इतिहास मंडळात गेल्या, मग जिल्ह्याच्या, आणि निवृत्तीनंतर थेट राज्याच्या मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. शहरातल्या मंडळींना गड, तलवारी, राजेरजवाडे यांवर बोलणारं कोणीतरी हवं होतं. बाई बोलायच्या शेताच्या बांधावरच्या दगडांवर. बैठकीतसुद्धा उभ्याच. अध्यक्षांच्या खुर्चीत त्यांची पिशवी बसलेली असायची.

त्या पिशवीत एक पाण्याची बाटली, एक मऊ ब्रश आणि स्टीलचा एक डबा. डब्यात तांदळाचं पीठ. दगडावरचा लेख झिजलेला असला की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बाई दगड धुवायच्या, सुकू द्यायच्या, मग तळहाताने पीठ चोळून वरचं हलकेच पुसून काढायच्या. खाचेतलं पीठ खाचेत राहतं आणि अक्षर पांढरं उठतं. मी बाजूला आरसा धरून त्यावर तिरका उजेड पाडायचा आणि फोटो काढायचे. उजेडाची घाई त्यासाठी. भर दुपारी कसली घाई, हे मी विचारलं की मात्र बाईंना ऐकू यायचं नाही.

एकदा धसईला जाताना बसच्या खिडकीतून त्यांना काहीतरी दिसलं. कंडक्टरला मधेच घंटी मारायला लावली आणि आम्ही उतरलो. शेतातून तुडवत जाऊन बघतो तर काय, गुरांना अंग खाजवायला रोवलेला साधा दगड! पुढची बस संध्याकाळची. मी जाम चिडलो. बाई म्हणाल्या, "नाय तर नाय. नाय हे पण कळायला पाहिजे ना?" आणि चालायला लागल्यासुद्धा. माझ्याकडे त्यांचा एक धड फोटो नाही, सगळ्यांत त्या हललेल्या आहेत.

धसईच्या पुढे, डोंगराच्या अंगाला त्यांचं माहेर. त्या गावाच्या शिवेवर एक गधेगाळ आहे. आपल्या भागात फिरलेल्यांनी असा दगड पाहिला असेल. वर चंद्र-सूर्य, मधे लेख, खाली एक गाढव आणि एक बाई. पुढचं मी लिहीत नाही, तुम्ही समजून घ्या. गावात त्या दगडाचं नाव काढायचे नाहीत. सुना तिथून जाताना पदर ओढून तोंड फिरवायच्या. लहानपणी बाईही तशाच गेलेल्या. जन्मभर पोरांना इतिहास शिकवला आणि दारातल्या दगडाकडे पाठ फिरवली, असं म्हणून त्या स्वतःवरच चिडायच्या.

एक दिवस त्यांनी सगळ्या गावासमोर त्या दगडाला पीठ चोळलं आणि बोट फिरवत लेख वाचला. ही जमीन दान दिली आहे, चंद्र-सूर्य आहेत तोवर. जो ती बळकावील, जो हा दगड हलवील, त्याला खालचं चित्र. "शिवी आहे ती," बाईंनी सरळ सांगून टाकलं. "तुमाला नाय. तुमची जमीन लाटणाऱ्याला." मग मागे उभ्या बायकांत कोणीतरी खुदकन हसलं, आणि बघता बघता अख्खा गाव हसायला लागला. तेव्हापासून प्लॉटवाला एजंट आला की गावकरी त्याला आधी दगड दाखवायला नेऊ लागले.

बाईंच्या आयुष्यात एकच मोठं स्वप्न होतं. मंडळाचं स्वतःचं दालन व्हावं, तिथे असे दगड सावलीत, नीट, सगळ्यांना बघता येतील असे ठेवावेत. त्यासाठी त्यांनी किती कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, त्याला गणती नाही. दालन झालं. समितीने ठरवलं, दारातच अध्यक्षांच्या गावचा गधेगाळ उभा करायचा. बाई हरखून गेल्या. लगेच हो म्हणाल्या. सरकारी परवानग्याही आल्या. मला म्हणाल्या, शहरातली माणसं आपल्या धसईकडच्या दगडापुढे वाकून बघतील रे, तू बघच.

टेम्पो आला, साखळ्या आल्या, हमाल आले. बाई सगळ्यांच्या पुढे, इकडून तिकडे, तिकडून इकडे, हळू, हळू करत. गाव गोळा झाला. भांडलं कोणी नाही. बाईंची वहिनी, भात लावून लावून कमरेत वाकलेली, तेवढी पुढे आली आणि तिने दगडावर हात ठेवला.

"बाय, तूच वाचून सांगितलंस. जो हलवील त्याला शिवी. मंग आता ती शिवी कोनाला गो?"

आणि बाई बसल्या. बांधावर, मातीत, पाय पसरून. इतक्या वर्षांत मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा पाहिलं आणि मला भीतीच वाटली. टेम्पोवाला हॉर्न मारत होता. उजेड खरोखरच जात होता. बऱ्याच वेळाने त्या उठल्या, साडी झटकली आणि हमालांना म्हणाल्या, "साखळ्या काढा."

दालनाचं उद्घाटन त्यांच्याशिवाय झालं. पत्रिकेत नाव नव्हतं, अध्यक्षपदही गेलं. मंडळाला दिलेला शब्द मोडला म्हणून लोक बोलले, आणि शब्द मोडला होता हे खरंच होतं. त्या आठवड्यात बाई पायरीवर आल्या. म्हटलं, आता तरी आत या. नाही आल्या. "वाईट वाटतं रे," म्हणाल्या, "फार वाटतं. रोज डोळे मिटले की ते दालन दिसायचं मला." आणि लगेच त्यांनी पिशवी खांद्याला लावली. आटगावच्या बाजूला कोणाच्या तरी विहिरीत कोरलेला दगड निघाला होता. चल रे, उजेड जातोय.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. तापाचं निमित्त झालं. दवाखान्यातही नर्सच्या मागे एकच धोशा, खाट खिडकीकडे फिरवा. मी दुकान उघडतो आणि अजून दिवसातून चारदा पायरीकडे बघतो. गिऱ्हाईक आता पळत नाही आणि मला ते आवडत नाही.

यंदा भातं झोडून झाल्यावर मी एकटाच त्यांच्या माहेरगावी गेलो. काम काहीच नव्हतं. सवयीने आरसा तेवढा पिशवीत टाकला होता. शिवेवर पोचलो तर दगड पांढराधोप. वहिनी आणि दोघी-तिघी बायका त्याला पीठ चोळत होत्या. कुंकू नाही, शेंदूर नाही, नुसतं पीठ. म्हटलं, वहिनी, हे काय नवीन?

"बाय लावायची ना," वहिनी म्हणाली. "ती गेली तवा कोनी तरी लावाया नको? नव्या तांदळाचं पयलं पीठ आता याला."

बाई असत्या तर कडाडल्या असत्या. अगं, पूजा नाय ती, वाचायची रीत आहे! पण वहिनीने तळहाताने वरचं पीठ पुसलं, अगदी बाईंसारखं, हलकेच, आणि एकेक अक्षर वर उठलं. मला भडभडून आलं. वहिनीने ते पाहिलं असावं. बसा भाऊ, म्हणाली, चाय ठेवते.

मी पिशवीतून आरसा काढत होतो.

"नको वहिनी," मी म्हटलं. "उजेड जातोय."