उष्माघाताची खोली आणि केळी धुण्याची टाकी

आमच्या रुग्णालयात उष्माघाताची खोली माझी होती. म्हणजे खोली सरकारची, पण लावायची मी. होळी झाली की डॉक्टरसाहेब एवढंच म्हणायचे, "सिस्टर, तुमच्या खोलीचं बघा बरं का." की लागले मी कामाला. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, कूलर, फ्रीजमध्ये बर्फाच्या पिशव्या, सलाईनचे खोके, चादरी ओल्या करायला बादल्या. उन्हाळ्याचा आराखडाही मीच लिहायचे आणि जळगावच्या बैठकीत उभी राहून मीच वाचायचे. वरचे अधिकारी मान डोलवायचे. रावेर तालुक्यातल्या आमच्या आडगावाचं नाव त्या हॉलमध्ये माझ्या तोंडून घेतलं जायचं, आणि मला ते आवडायचं. का आवडू नये?

खरं सांगायचं तर ती खोली मी माझ्या भावासाठी लावायचे. धाकटा भाऊ माझा, आई गेल्यावर मीच वाढवलेला. गावाबाहेरच्या केळीच्या पॅकिंग हाऊसवर भराईच्या टोळीत आहे. ऐन मे महिन्यात, भर दुपारी, पत्र्याच्या शेडमधून केळीची खोकी उचलायची आणि ट्रकमध्ये चढवायची. त्याला मधून मधून चक्कर यायची. तो सांगायचा नाही, त्याची बायको सांगायची. उन्हं तापली की माझा जीव टांगणीला. पाणी पी, डोक्याला बांध, सावलीत बस, म्हटलं की दात काढायचा. "ताई, तुझी खोली हाये ना, मंग माले काय होते?"

अशात धुळ्याहून बदली होऊन ती आली. तीही सिस्टरच. वयाने माझ्याहून लहान, नोकरीतही मागची. बोलणं अहिराणी. आमच्या रावेरकडची बोली वेगळी, इथे कुणी 'काय शे' म्हटलं की माणसं हसतात. तिलाही हसली. पण ही कसली लाजते! हसणाऱ्यालाच उभं करून आणखी चार वाक्यं ऐकवायची. महिना झाला नाही तोच टोळीतले बाप्ये तिला अक्का म्हणायला लागले. मी इथली, याच गावात वाढलेली. निम्म्या गावाच्या पोरांना लस मी टोचली. आणि मी आपली 'सिस्टर'च. ही कालची आलेली, ही अक्का! नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या, झोंबणारच.

रविवारी धुळ्याला जायची, येताना पारोळ्याच्या स्टँडवरून भाजलेल्या शेंगा आणायची आणि सगळ्या स्टाफला वाटायची. मीही खाल्ल्या. शेंगा चांगल्या असायच्या, त्याचाच जास्त राग यायचा.

उन्हाळ्याआधीची बैठक साहेबांच्या खोलीत भरली. मी आराखडा वाचला. खाटा, सलाईन, ॲम्ब्युलन्स, गावोगाव लावायचे फलक. वाचून झालं तशी ही म्हणाली, "ताई, गेल्या मे महिन्यात जो भराईवाला आपल्याकडे दगावला, तो पडला कुठे आणि इथे आला कधी?"

तो माणूस माझ्याच खोलीत दगावला होता. तापलेल्या तव्यासारखं अंग घेऊन आला होता, आम्ही जंग जंग पछाडलं, पण तो काही हाती लागला नाही. खोली तयार होती, पेशंटच उशिरा आला, असं तेव्हा साहेबही म्हणाले होते. मी तेच सांगितलं.

"हो, पण उशिरा का आला?" ती म्हणाली.

"ते तिथल्या शेठला विचारा," मी म्हटलं. आता टोमणा मारल्यावर माणसाने गप्प बसावं की नाही? तिने साहेबांकडून गाडी मागून घेतली. वर साहेब मला म्हणतात, तुम्हीही जा सोबत.

पॅकिंग हाऊसवर मुकादम नाना भेटले. म्हातारा माणूस, पोटात काही ठेवत नाही. त्यांनी सरळ सांगितलं. तो पडला तेव्हा ट्रक अर्धा भरला होता. अर्धी भरलेली गाडी उभी ठेवायची नाही, ही इथली रीत. माल तापतो, दिल्लीला पोचेपर्यंत पिकून जातो, सगळी गाडी वाया. ट्रॅक्टर त्या ट्रकच्या मागे अडकलेला. मग टोळीने त्याला भिंतीच्या सावलीत निजवलं, कांदा हुंगवला, गाडी भरून काढली आणि मग ट्रॅक्टरवर घालून उन्हातून रुग्णालयात आणला. नाना हे सांगताना जराही चाचरले नाहीत. त्यांच्या लेखी त्यात चुकीचं काही नव्हतंच. मलाही, खरं सांगते, त्या घटकेला वावगं वाटलं नाही. लहानपणापासून पाहतोय आम्ही, भराई लागली की थांबत नाही.

ती ऐकत होती आणि इकडेतिकडे बघत होती. शेडमध्ये बायका केळीच्या फण्या टाकीत धूत होत्या. विहिरीचं गार पाणी, लांबरुंद सिमेंटची टाकी, आत उतरलं तर मांडीच्या वर पाणी येईल एवढी. खोक्यांवर ओलं गोणपाट, वरून ताडपत्रीची सावली. तिने टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाली, "नाना, केळीस्ले इतलं जपतस, आनि जीवले नई?"

टोळी हसली. मग हसता हसता एकेकाची नजर त्या भिंतीकडे गेली.

तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. उन्हाने माणूस पडला, बरळायला लागला, की आधी टाकीत. अंग गळ्यापर्यंत पाण्यात, डोकं वर, एकाने मान धरायची. तोंडात पाणी ओतायचं नाही. टाकीत बर्फ टाकायचा. एकाने रुग्णालयात फोन लावायचा. आणि भराई बंद, गाडी भरलेली असो की अर्धी.

शेठ मारवाडी, बोलायला गोड. हात जोडून म्हणाले, "मॅडम, ज्या टाकीत माणूस बुडवला त्या टाकीतली केळी कोण घेणार?"

"मग दुसरी टाकी दुपारची रिकामी ठेवा शेठ. नुसतं साधं पाणी आणि बर्फाची एक लादी. माणूस नाही पडला तर संध्याकाळी केळी धुवा त्यातच."

शेठ हो म्हणाले! हे शेठ मी फलक लावायला गेले तर भिंत द्यायला तयार नव्हते. मी साहेबांकडे येऊन म्हटलं, असं कुठल्याच परिपत्रकात नाही. साहेब म्हणाले, "सिस्टर, शास्त्राला धरूनच आहे ते. जितकं लवकर अंग थंड होईल तितकं बरं." मग काय, आतून नुसता तिळपापड.

नंतर सराव झाला. टोळीतला सगळ्यात जाडा गडी पडल्याचं सोंग करायला उभा केला. चौघांनी उचलून टाकीत सोडला, निम्मं पाणी बाहेर, बायका पदर तोंडाला लावून हसतायत. माझा भाऊ मान धरायला. मला बघून ओरडतो, "ताई, पाह्य, तुझ्या खोलीपेक्षा गार हाये!" एक लगावून द्यावीशी वाटली त्याला.

जळगावच्या बैठकीला त्या साली साहेब म्हणाले, "यंदा त्यांना जाऊ द्या." त्यांना! मी बरं म्हटलं आणि औषधांच्या खोलीत जाऊन उगाच खोकी इकडची तिकडे केली. ती गेली, बोलली, टाळ्या घेऊन आली. पेपरात टाकीशेजारी तिचा फोटो आला. तो पेपर अंथरून मी मेथी निवडली.

मे महिन्यात एका दुपारी रुग्णालयातला फोन वाजला. उचलला तिने. दोन शब्द ऐकले आणि माझ्याकडे बघितलं. तिचं तोंड बघूनच मला कळलं, माझा भाऊ.

ॲम्ब्युलन्समध्ये आम्ही दोघी होतो. वाटेत ती एक अक्षर बोलली नाही, त्याबद्दल मी तिची आभारी आहे. मला सारखा तो गेल्या साली दगावलेला माणूसच दिसत होता. मला वाटलं, भिंतीच्या सावलीत निजवला असेल माझा भाऊ, कांदा हुंगवत असतील आणि खोकी चढत असतील.

फाटकात ट्रक उभा होता. अर्धा भरलेला. खोकी खाली तशीच पडलेली, ड्रायव्हर कुरकुरत होता आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळी टोळी टाकीभोवती. माझा भाऊ गळ्यापर्यंत पाण्यात, मान नानांच्या हातावर, अंगाभोवती बर्फाचे तुकडे तरंगतायत. थरथरत होता. डोळे उघडे होते. मी वाकले तसा मला म्हणतो, "ताई, गाडी उभी राह्यली ना व, माल तापीन."

मी टाकीच्या काठावरच बसले आणि भोकाड पसरलं. कसली सिस्टर आणि कसलं काय. पुढचं सगळं तिने केलं. ताप मोजला, त्याला बाहेर काढवला, स्ट्रेचरवर घेतला.

शेवटी आणला त्याला माझ्या खोलीत. पडदे ओले होते, कूलर चालू होता, चादर ताणून घातलेली होती. इतकी वर्षं ज्याच्यासाठी लावली, तोच आला, आणि खोलीला करायला काही उरलं नव्हतं. सलाईन लावलं, बस. साहेबांनी तपासलं, म्हणाले, "ताप तिथेच उतरला म्हणून बरं, नाहीतर..." मी देवाला हात जोडले. देवाशप्पथ सांगते, हात जोडलेले होते आणि पोटात जळत होतं. भाऊ वाचला याचा आनंद मावत नव्हता, आणि तिच्यामुळे वाचला हे गिळवत नव्हतं. दोन्ही एकदम.

जरा हुशारी आल्यावर त्याने मान वळवली. मी उशाशी बसलेली. मला म्हणतो, "अक्का कुठी गेली? बोलाव ना तिले." बोलावलं मी. काय करणार? ती आली, त्याच्या कपाळावर हात ठेवला. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत बसले.

श्रावणात राखीला तो दरवर्षीसारखा घरी आला. पाटावर बसला आणि चुळबुळ करायला लागला. "काय झालं रे?" म्हटलं, तर खाली बघून म्हणतो, "ताई, यंदा अक्काच्या हातूनबी एक बांधून घेऊ का? बाहेर उभी हाये ते. तू नाही म्हनशील म्हनून आत येत नाही."

कप्पाळ माझं! त्या एका मनगटावर आजवर माझ्याशिवाय कुणाची राखी नव्हती. मी उठले, दार उघडलं. ही ओट्यावर उभी, हातात शेंगांची पुडी. "या," म्हटलं, "पण आधी मी बांधणार." ती मान हलवून बाजूला बसली.

मी बांधली. ओवाळलं, पेढा भरवला, सरकले. मग ती पुढे झाली. तिची राखी साधी, रेशमाचा नुसता दोरा. तो तिने माझ्या राखीच्या वर नाही, खाली बांधला, आणि माझी झाकली जाऊ नये म्हणून गाठ आतल्या बाजूला फिरवली. तेवढंही कळतं मेलीला.