शिंपिणीचे सहा बाण

लोक माझ्याबद्दल चांगलं बोलायला लागले की मला तिथून उठून जावंसं वाटतं. "तुमचं मन किती मोठं, मावशी," असं मध्यंतरी सर म्हणाले, तर मी त्यांच्यावर खेकसले, "माझ्या मनाचं माप घ्यायला तुम्ही शिंपी आहात का?" सर हसले. त्यांना वाटलं, म्हातारी नेहमीसारखी फटकळ बोलली. सर म्हणजे आमच्या नेमबाजी क्लबाचे शिक्षक. शिंपिणीला मी माझ्या हाताखाली काम दिलं, त्याचं कौतुक चाललं होतं. ते काम मी का दिलं हे सरांना ठाऊक नव्हतं, तिलाही नव्हतं. मला होतं, आणि खाई त्याला खवखवे.

मी क्रॉसबोच्या बाणांना पिसं लावते. क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारखं खांद्याला टेकवून चालवायचं आडवं धनुष्य. त्याचा बाण दोन-अडीच वितींचा, आणि मागच्या टोकाला तीन पिसं. खरी पिसं आता कोण लावतंय, ही प्लॅस्टिकची, पण नाव पिसंच राहिलं. क्लबाच्या मागे माझी एक खोली आहे. एक खिडकी, दोन टेबलं, आणि भिंतीला लहान लहान खणांचं कपाट. दांडी स्पिरिटनं पुसायची, साच्यात बसवायची, पिसाच्या बुडाला गोंदाची बारीक रेघ ओढायची आणि दांडीवर टेकवून वीस आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही. तिन्हींतलं एक पीस वेगळ्या रंगाचं असतं, ते खाली धनुष्याच्या खोबणीत जातं. हे झालं चिकटवणं. ते कुणालाही शिकवता येतं.

खरी गोम आहे निवडण्यात. उंच पीस बाणाला पटकन सरळ करतं, म्हणून बंद शेडमध्ये अठरा मीटरवर त्याला तोड नाही. पण उघड्यावर तेच पीस वारा पकडतं. मैदानावर पासष्ट मीटरवर मारायचं तर बुटकं, ताठ पीस हवं. झालं. तीस वर्षांची विद्या इथे संपली. आणि हे एवढंसं मी एका बाईला सांगितलं नाही.

शिंपीण आमच्याकडे पहिल्यांदा आली ती पडदा शिवायला. लक्ष्यामागचा जाड पडदा बाण लागून लागून फाटला होता. तो सुईला ऐकेना म्हणून ती मशीन सोडून दाभण घेऊन जमिनीवर बसली, आणि दोन दिवस तिथेच होती. तिसऱ्या दिवशी सर गमतीनं म्हणाले, "एवढा पडदा शिवलात, आता एक बाण मारून तरी बघा." तिनं मारला. सरांची गंमत तिथेच संपली. मी दारातून बघत होते. बाण सोडल्यावर नवशिक्याचा खांदा उडतो, हिचा तसूभर हलला नाही. बोलत बोलत, न बघता, सुईत दोरा ओवणारी बाई ती. हात असा की त्याची मला आधी गंमत वाटली आणि मग भीती.

भीती कशाची, तेही सांगून टाकते. माझा धाकटाही क्रॉसबो चालवायचा. घरात त्याला आम्ही साहेब म्हणतो, कारण पाण्याचा पेलासुद्धा त्याला हातात लागतो. नेम बरा होता. पण शिंपीण रोज क्लबात यायला लागली, स्वतःचं धनुष्यही घेतलं, आणि तिच्या शेजारी हा उभा राहिला की नुसता बरा म्हणायचा, चांगला नाही. त्या वर्षी मोठ्या प्रशिक्षण केंद्रात आमच्या भागातून एकच जागा होती. दोन वर्षं राहणं-जेवण, आणि पुढे शिक्षकाची नोकरी. वयाची अट बत्तीस. शिंपीण त्या वर्षीच बत्तीसची. साहेब चोवीसचा, त्याला अजून आठ संधी होत्या. हे गणित मला त्याही वेळी येत होतं.

निवडीची स्पर्धा मैदानावर होती. पंधरा दिवस आधी शिंपीण खोलीत आली. बाणांना तिनं स्वतः कापडी खोळ शिवली होती, सहा बाणांना सहा कप्पे. एक बाण काढून तिनं माझ्यासमोर धरला.

"मावशी, शेडमध्ये ही पिसं छान चालतात. मैदानावर हीच चालतील ना? का बदलू?"

आदल्याच दिवशी मी त्या मैदानावर जाऊन आले होते, साहेबासाठी. हातात दोरा धरून उभी राहिले तर तो आडवा होऊन फडफडत होता. बुटक्या पिसांची पाकिटं माझ्या पाठीमागच्या खणात भरलेली होती. कमी असती तर निदान तेवढी तरी सबब मिळाली असती मला. मी बाण हातात घेतला, उगाच उजेडात फिरवून बघितला, आणि म्हटलं, "चालत्या गाडीला खीळ कशाला घालतेस?"

ती हसली. "तेच म्हटलं, तुम्हाला विचारावं." एवढं बोलून गेली. त्याच संध्याकाळी मी साहेबाच्या बाणांची उंच पिसं खरवडून काढली आणि बुटकी लावली. उचलली जीभ लावली टाळ्याला, असंही म्हणायची सोय नाही. मी विचार करून बोलले होते.

स्पर्धेच्या दिवशी वारा डावीकडून होता. शिंपिणीचा पहिला बाण उजवीकडे गेला. तिनं सावरून घेतलं, तोवर वारा पडला आणि दुसरा डावीकडे गेला. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. तिचा खांदा मी बघत होते, तो तसूभरही हलत नव्हता. पण तिला स्वतःचा खांदा थोडाच दिसणार? तिला दिसत होतं ते लक्ष्य. चौथ्या बाणानंतर तिनं धनुष्य खाली घेऊन स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं, बराच वेळ. साहेब चार गुणांनी जिंकला. लोकांनी मला उभं करून टाळ्या वाजवल्या.

आठवड्यानं शिंपीण आली ती धनुष्य विकायला. "माझा हात चारचौघांत थरथरतो, मावशी," म्हणाली. "शेडमध्ये आपली माणसं असतात. तिथे सगळे बघायला लागले आणि हातानं दगा दिला. बरं झालं, वेळेवर कळलं."

सांगायची वेळ ती होती. तोंड उघडलंही मी. आणि बाहेर काय पडलं? "विकू नकोस. माझे डोळे आता दमतात, अर्धा दिवस माझ्याकडे येत जा. पिसं लावायला शिकवते." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कपाटाकडे तोंड करून खण उघडझाप करत राहिले.

दोन वर्षं ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसली. सकाळी क्लब, दुपारनंतर घरी शिवण. सहा महिन्यांत तिचं चिकटवणं माझ्यापेक्षा नीटस झालं. गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत असायची, बाणसुद्धा त्याच पट्टीनं मोजायची. मी चहा करायला उठले की म्हणायची, "बसा हो, तुमच्या हातचा चहा म्हणजे काढा." मला ती मुलीसारखी झाली होती, आणि तेच जास्त लागायचं. सगळं शिकवलं मी तिला, निवड मात्र नाही. गिऱ्हाईक आलं की मी त्याला दाराबाहेर नेऊन बोलायची, आणि आत येऊन पाकीट तिच्यापुढे टाकायची. "निवड म्हणजे मावशींचं डोकं, आपण फक्त गोंद," असं ती लोकांना कौतुकानं सांगायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, मला तर भर दुपारी चांदणं दिसायचं.

आणि साहेब? साहेब आठ महिन्यांत केंद्रातून परत आले. पहाटे उठवतात म्हणे. आता ते मोबाइलची कव्हरं विकतात आणि मजेत आहेत. धनुष्य कपाटावर आहे, त्याच्यावर जुन्या उशा. धूळ पुसायला वर हात घातला की दर वेळी ते हाताला लागतं. ज्याच्यासाठी केलं त्याला त्याचं काही नाही.

गेल्या महिन्यात सरांनी फळ्यावर कागद लावला. मैदानावर स्पर्धा, वयाची अट नाही, जिंकणाऱ्याला पुढच्या वर्षापासून क्लबातच शिकवायचं काम. सर शिंपिणीला म्हणाले, "नाव घालू?" ती म्हणाली, "सर, माझा हात तुम्ही बघितलाय ना?" तिनं विषय हसण्यावारी नेला. मीही हसले. हसण्यात मी तरबेज झाले होते.

दोन दिवसांनी माझा कोट उसवला म्हणून मी तिच्या घरी गेले. एक बाई भारी कापड घेऊन आली होती. मापं झाली, खडूच्या रेघा झाल्या, बाई तिथेच खुर्चीवर बसली, कापड कापताना बघायला. शिंपिणीनं कात्री उचलली आणि परत ठेवली. "तुम्ही जाऊन या," म्हणाली, "मी मागाहून कापते." बाई रागावली, कापड उचलून निघून गेली. मी विचारलं, "हे काय गं?"

"त्या दिवसापासून तसंच होतंय," ती कात्रीकडे बघत म्हणाली. "कुणी बघत बसलं की वाटतं, आता चुकणार. भारी कामं मी घेतच नाही हल्ली."

मला वाटत होतं मी तिची एक जागा घेतली. मी तिचा हात काढून घेतला होता, आणि वर दोन वर्षं त्याच हाताकडून गोंद लावून घेत होते. कोट तिथेच टाकून मी बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी ती यायच्या आधी मी खोलीतच ठेवलेली तिची बाणांची खोळ काढली. सहाही बाणांना जुनी उंच पिसं तशीच होती. तीन बाणांची खरवडून काढली आणि बुटकी लावली. एक पीस दोनदा लावावं लागलं. ती आल्यावर म्हटलं, "धनुष्य घे. मैदानावर चल."

"वारा आहे, मावशी."

"म्हणूनच."

मैदानावर दोन माळी आणि एक फिरायला आलेलं जोडपं होतं. मी त्यांना हाक मारून मागे उभं केलं. शिंपीण मला म्हणाली, "हे कशाला?" मी म्हटलं, "मार गं मुकाट्यानं." आधी उंच पिसांचे तीन दिले. वारा डावीकडून होता. बाण पासष्ट मीटरवर कुठेच्या कुठे पडले. तिनं हाताकडे बघितलं, तसंच, त्या दिवशीसारखं. "सांगितलं होतं ना," म्हणाली. मग मी बुटक्या पिसांचे तीन तिच्या हातात ठेवले. तिनं मारले. मागचा माळी "वा!" म्हणाला.

आम्ही लक्ष्यापाशी गेलो. तिनं गळ्यातली मोजपट्टी काढली. उंच पिसांच्या तीन बाणांमधलं अंतर वीतभराहून जास्त. बुटक्यांचं चार बोटं. तिनं दोन्ही मापं पुन्हा एकदा घेतली. मग बाणांच्या मागच्या टोकांवरून बोट फिरवलं, आधी या तिन्हींच्या, मग त्या तिन्हींच्या. दोन वर्षं पिसं लावलेलं बोट होतं ते.

"हात तोच," ती म्हणाली.

"हो."

"त्या दिवशी साहेबांना कुठली होती?"

"बुटकी."

"आणि मी विचारलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

मनात बरंच काही तयार होतं. आईचं काळीज, विसरले, धांदल होती. मी म्हटलं, "माहीत होतं. पाकिटं पाठीमागेच होती. मी तुझं वाटोळं केलं आणि वर लोकांकडून शाबासकी घेतली. माफ कर, असं म्हणायला मला तोंड नाही."

ती लक्ष्याकडे वळली. एक एक बाण उपटून खोळीत घातला. मग तिनं हात समोर धरला, बोटं ताठ करून, आणि मला विसरून त्याच्याकडे बघत राहिली. जोडपं निघून गेलं, माळी आपल्या कामाला लागले. ती गेटातून बाहेर पडली तेव्हा मी लक्ष्यापाशीच उभी होते.

त्या दिवशी मी तिच्या टेबलावरचा पसारा आवरला. साचा पुसला. ती परत येणार नाही हे मी धरूनच चालले होते, आणि का यावं तिनं?

सकाळी नेहमीच्या वेळेला दार उघडलं. तिनं पिशवी खुंटीला लावली. क्लबाच्या फळ्यावर सरांच्या यादीत खाली तिचं नाव होतं, ते मी येतानाच बघितलं होतं, तिच्याच अक्षरात. ती टेबलाशी बसली, उरलेले तीन बाण काढले आणि उंच पिसं खरवडायला घेतली. मी माझ्या टेबलावर मान खाली घालून बसले. चहा मी केला नाही, तिनंही मागितला नाही. दांड्या पुसून झाल्यावर ती उठली, माझ्या पाठीमागचा खण स्वतः उघडला, दोन-तीन पाकिटं हातात घेऊन उजेडात बघितली आणि त्यातलं एक निवडलं. बरोबर निवडलं.

मग गोंदाची नळी दाबून बघितली.

"बाई," ती म्हणाली, "गोंद संपलाय."

दोन वर्षांत पहिल्यांदाच तिनं मला बाई म्हटलं. मी उठले आणि गोंद आणायला गेले.